विकिपीडियावरील गावाच्या लेखावरून थेट शाळेपर्यंत दबाव: काय करावे?

पिंपळपार (डिचोली तालुका) यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. मी एका अनुदानित माध्यमिक विद्यालयात मराठी शिकवते आणि २०१९ पासून मराठी विकिपीडियावर गोव्यातील गावे, देवस्थाने, तळी आणि जुनी नियतकालिके यांविषयी लिहीत आले आहे. लेखन मोठे नाही. मे महिन्याच्या आणि चतुर्थीच्या सुट्टीत थोडे अधिक होते, एरवी आठवड्याला एखादी शुद्धलेखनाची दुरुस्ती होते. त्यामुळे माझ्यामागे कोणी लागेल, असे कधी मनातही आले नव्हते.

गेल्या पावसाळ्यात आमच्या परिसरातील एका गावाच्या लेखात मी खाणकामाचा परिच्छेद घातला. न्यायमूर्ती शाह आयोगाचा अहवाल ७ सप्टेंबर २०१२ रोजी संसदेत मांडला गेला, त्यात गोव्यातील बेकायदा उत्खननाने झालेल्या नुकसानीचा अंदाज सुमारे ३५ हजार कोटी रुपये दिला होता, ५ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यातील खाणकाम थांबवले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले, एवढे त्यात होते. त्या ८८ पट्ट्यांपैकी एक या गावाच्या हद्दीत आहे, तेही लिहिले. विहिरी आटल्याची तक्रार ग्रामसभेत झाली होती, तिच्या बातम्या दोन मराठी दैनिकांत आल्या होत्या. त्यांचे संदर्भ तारखेसह दिले. कोणत्याही व्यक्तीचे नाव घेतले नव्हते.

तिसऱ्या दिवशी रात्री पावणेबाराला तो संपूर्ण परिच्छेद गेला आणि त्या जागी परिसरातील एका लोकप्रतिनिधीचे नाव ‘विकासपुरूष’ या बिरुदासह आले. संपादनाच्या सारांशात ‘चुकीची माहिती काढली’ असे लिहिले होते. मी परिच्छेद परत आणला, तो पुन्हा गेला. पुढील आठ दिवसांत चार नवी खाती उगवली. चौघांनीही ‘पुरुष’मधला ‘रु’ दीर्घ लिहिला होता आणि चौघेही पूर्णविरामाच्या आधी एक मोकळी जागा सोडत होते. वीस वर्षे वह्या तपासल्यावर एका हाताचे लेखन ओळखू येते.

इथपर्यंतचे सारे मी विकिपीडियाच्या नित्याच्या कटकटींत जमा केले असते. मग गावाच्या व्हॉट्सॲप गटात माझ्या सदस्य पानाचे छायाचित्र फिरले. त्यासोबत शाळेचे नाव होते आणि आमच्या घरासमोरच्या वळणाचा फोटोही होता. विकिपीडियावर मी खरे नाव कधीच वापरलेले नाही. दोन दिवसांनी दोघे गृहस्थ मुख्याध्यापकांच्या खोलीत बसून चहा घेऊन गेले. मुख्याध्यापक भले माणूस आहेत. त्यांनी मला बोलावून एवढेच विचारले, ‘‘बाई, हे लष्कराच्या भाकऱ्या भाजणे तुम्हाला कशाला हवे?’’ व्यवस्थापनातील एका पदाधिकाऱ्यांनी मात्र दूरध्वनी करून नव्या वर्गखोल्यांचा प्रस्ताव मंजुरीसाठी पडून असल्याची आठवण करून दिली. त्यांनी विकिपीडियाचे नावही घेतले नाही, आणि त्याची गरजही नव्हती. त्याच रात्री अनोळखी क्रमांकावरून संदेश आला: ‘स्कूटर रोज सव्वासातला तळ्याकडून जाते ना?’

परिच्छेद सोडून द्यावा का, हा माझा पहिला प्रश्न आहे. खरे नाव न देता मी सापडले कशी, हे मला कळत नाही, आणि हे कळेपर्यंत झोप लागणार नाही. तक्रार विकिपीडियाकडे करावी, पोलिसांकडे करावी की शिक्षण खात्याकडे, हेही सांगावे. गावाचे आणि व्यक्तींचे नाव मी हेतुतः दिलेले नाही, तेव्हा कृपया कोणी तर्क लढवू नये.

अंत्रुजवासी (फोंडा) यांचे उत्तर

बाई, लेख तूर्त बाजूला ठेवा आणि आधी त्या स्कूटरच्या संदेशाकडे पाहा. तो पुसू नका. क्रमांक, तारीख आणि वेळ दिसेल असे छायाचित्र घ्या, त्याची प्रत घरातील दुसऱ्या कोणाच्या फोनवर ठेवा आणि संदेशाला उत्तर देऊ नका. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनकडे अशा धमक्यांसाठी आणीबाणीचा वेगळा ईमेल पत्ता आहे. तेथे इंग्रजीत चार ओळी लिहिल्या तरी चालतात. फाउंडेशन तुमच्या दारी माणूस पाठवणार नाही, परंतु प्रकरणाची नोंद होते आणि पुढे खात्यांवर कारवाई करताना ती नोंद कामी येते.

तुम्ही सापडलात कशा, याविषयी माझा एक अंदाज आहे आणि तो मी स्वानुभवावरून सांगतो. तुम्ही तळ्यांवर आणि देवळांवर लिहिता, म्हणजे विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या फोटोंच्या सामायिक साठ्यावर, फोटोही चढवत असणार. मोबाइलवर काढलेल्या फोटोत, स्थाननिश्चिती सुरू असेल तर, अक्षांश आणि रेखांश नोंदले जातात. कॉमन्सवर फोटोखाली जो तपशिलाचा तक्ता येतो त्यात ते जसेच्या तसे दिसतात, आणि काही सांगकामे (आपोआप काम करणारे प्रोग्राम) तर ते उचलून थेट नकाशाचा दुवा तयार करून देतात. मी माझ्या परसातील फणसाचा फोटो दिला होता. दोन वर्षांनी लक्षात आले की, जगातील कोणालाही त्या फणसाखाली येऊन उभे राहता येईल. तळ्याचा फोटो तळ्याचा पत्ता सांगतो, त्याने काही बिघडत नाही. गच्चीतून काढलेला पावसाळी ढगांचा फोटो मात्र तुमच्या घराचा पत्ता सांगतो. असे फोटो शोधा. नुसता नवा फोटो वरून चढवून भागत नाही, कारण जुनी आवृत्ती इतिहासात राहते. कॉमन्सच्या प्रचालकांना (देखभालीचे विशेष अधिकार असलेल्या सदस्यांना) ती आवृत्ती लपवण्याची विनंती करावी लागते. सदस्य पानावर तालुका, शाळेचा स्तर आणि विषय या तिन्ही गोष्टी असतील तर तेही काढा. एका तालुक्यात माध्यमिक विद्यालयात मराठी शिकवणाऱ्या आणि जुन्या नियतकालिकांत रस असलेल्या बाई किती असतील?

आता खात्यांविषयी. दीर्घ ‘रू’ हा उत्तम पुरावा आहे, परंतु तो एकटा पुरेसा नाही. चारही खात्यांच्या संपादनांचे फरकदुवे (आधीचा आणि नंतरचा मजकूर दाखवणारे दुवे), वेळा आणि लेखनातील साम्य एकत्र मांडून ही खाती एकाच माणसाची आहेत का, याच्या तपासणीची मागणी करा. ज्या भाषांच्या विकिपीडियांवर स्थानिक तपासनीस नाहीत, तेथे ही तपासणी स्ट्युअर्ड, म्हणजे सर्व विकिपीडियांवर अधिकार असलेले जागतिक पातळीवरील सदस्य, करतात. त्यांना लागणारी तांत्रिक माहिती केवळ ९० दिवस साठवली जाते, म्हणून उशीर करू नका. दिरंगाईमुळे हातची गेलेली प्रकरणे मी पाहिली आहेत.

समोरच्याचे बदल स्वतः पुन्हा उलटवू (रद्द करू) नका. इंग्रजी विकिपीडियावर चोवीस तासांत तीनपेक्षा अधिक वेळा उलटवू नये असा स्पष्ट दंडक आहे. आपल्याकडे तो कितपत पाळला जातो हा वेगळा विषय, पण पाचव्या वेळेला पाहणाऱ्याला ‘हे दोघांचे भांडण आहे’ असेच वाटते आणि भांडणात खरेखोटे कोणी पाहत नाही. चर्चा पानावर एकदा शांतपणे मुद्दा मांडा, चावडीवर (सर्व संपादकांच्या सामायिक चर्चेच्या पानावर) त्याचा दुवा द्या आणि लेख अर्धसुरक्षित करण्याची, म्हणजे नव्या खात्यांना तो बदलता येऊ नये अशी, विनंती करा.

एक गोष्ट तुम्हाला आवडणार नाही. तुमच्या परिच्छेदातील ३५ हजार कोटींचा आकडा संपूर्ण राज्याचा आहे. एका गावाच्या लेखात तो का यावा? वाचणाऱ्याला तो गावाच्या माथी मारल्यासारखा वाटतो, आणि ‘चुकीची माहिती’ असे म्हणायला समोरच्याला तेवढी फट मिळते. तो गोव्यातील खाणकामाच्या लेखात शोभेल. गावाच्या लेखात गावाचा पट्टा, निकाल आणि विहिरींची तक्रार ठेवा. आकार निम्मा होईल, पण मग त्यातला शब्द हलवणे अवघड जाईल.

काळा डगला (मडगाव) यांचे उत्तर

मी वकिली करतो. हा कायदेशीर सल्ला समजू नये, कारण कागद न पाहता सल्ला देणे योग्य नाही. तरीही ढोबळ चौकट सांगतो.

निनावी संदेशाद्वारे धमकावणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली गुन्हा आहे. नाव लपवून धमकी दिली असेल तर त्याच कलमाच्या चौथ्या पोटकलमात दोन वर्षांपर्यंतची अधिक शिक्षा आहे. अडचण अशी की, ‘स्कूटर तळ्याकडून जाते ना’ या वाक्यात धमकीचा एकही शब्द नाही, आणि लिहिणाऱ्याने तेवढी काळजी घेतलेली आहे. म्हणून संदेश एकटा न देता गटातील फोटो, शाळेतील भेट आणि दूरध्वनी या सर्वांचा तारीखवार क्रम लावून तक्रार द्या. हा क्रम पाहिल्यावरच त्या वाक्याचा अर्थ उघड होतो. पाठलागाचे कलम ७८ लागू होईल की नाही, हे असे प्रकार पुन्हा घडतात का यावर ठरेल. पोलीस अदखलपात्र नोंद करून परत पाठवण्याची शक्यता आहे. तरी नोंद घ्याच, आणि तिची प्रत मागून घ्या.

तुमच्यावर उलट बदनामीची तक्रार होईल अशी भीती कोणी घातली तर हे लक्षात ठेवा की, कलम ३५६ मध्ये पहिलाच अपवाद लोकहितासाठी केलेल्या सत्य कथनाचा आहे. तुम्ही न्यायालयाचा निकाल आणि छापून आलेली बातमी यांपलीकडे काही लिहिलेले नाही, व्यक्तीचे नावही घेतलेले नाही. शाळेच्या बाजूने म्हणाल तर गोव्यातील शिक्षक १९८४ चा शालेय शिक्षण कायदा आणि १९८६ चे नियम यांखाली येतात. रीतसर चौकशीवाचून तुम्हाला कोणी कामावरून काढू शकत नाही. यापुढे व्यवस्थापनातून कोणी दूरध्वनीवर काही सुचवले तर ‘कृपया लेखी द्यावे’ एवढेच म्हणा. बहुतेक वेळा असे लेखी कधी येत नाही.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण या संदर्भात लोक दिल्लीच्या खटल्याचा दाखला अर्धवट देतात. एएनआय या वृत्तसंस्थेने जुलै २०२४ मध्ये फाउंडेशनविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा केला आणि मजकूर लिहिणाऱ्या तीन संपादकांची ओळख मागितली. नोव्हेंबरमध्ये दोन्ही पक्षांच्या संमतीने असे ठरले की, समन्स फाउंडेशनने स्वतः संपादकांपर्यंत पोहोचवावे आणि त्यांची माहिती न्यायालयाला मोहोरबंद द्यावी. त्या खटल्याविषयीचा इंग्रजी लेखच ऑक्टोबर २०२४ मध्ये हटवावा लागला होता. हटवण्याचा तो आदेश सर्वोच्च न्यायालयाने ९ मे २०२५ रोजी रद्द केला. म्हणजे निनावीपण हे अभेद्य कवच नाही, आणि कोणीही मागितले की नाव देऊन टाकले जाते, असेही नाही. आपल्या शेजारचे उदाहरण अधिक झोंबणारे आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांवरील लेखातील मजकुरावरून महाराष्ट्राच्या सायबर विभागाने फाउंडेशनला नोटीस दिली आणि काही संपादकांवर गुन्हाही नोंदवला. तो मजकूर चांगला होता की वाईट, याविषयी माझे स्वतंत्र मत आहे. परंतु संदर्भ तपासण्याचे काम चर्चा पानावरून पोलीस ठाण्यात गेले की, पुढच्या वेळी चांगला संदर्भ असलेला माणूसही लिहायला धजत नाही. गोव्यातही हे नवे नाही. २०१४ मध्ये फेसबुकवरील राजकीय मजकुरावरून येथील एका अभियंत्यावर गुन्हा नोंदवला गेला होता. तेव्हा माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ जिवंत होते. ते मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले.

बार्देशी म्हातारा (म्हापसा) यांचे उत्तर

वरील दोघांनी सांगितलेले सर्व योग्य आहे. मी दुसऱ्या बाजूने बोलणार आहे, म्हणजे ज्या बाजूला मी एकदा उभा होतो त्या बाजूने.

मी मराठीवादी आहे आणि राहीन. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात माझे वडील गोव्याच्या महाराष्ट्रातील विलीनीकरणाच्या बाजूने होते. ३४,०२१ मतांनी तो कौल विरोधात गेला, तो आकडा आमच्या घरी श्राद्धाच्या तिथीसारखा पाठ होता. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणीला राजभाषा केले आणि मराठीला शासकीय कामकाजात वापराची मुभा दिली. या एका वाक्याचा अर्थ कोणी कसा लावायचा यावर आमची पिढी भांडत म्हातारी झाली. हे भांडण विकिपीडियावर येणारच होते.

काही वर्षांपूर्वी मला एका लेखातील मांडणी कोंकणीकडे झुकलेली वाटली. मी म्हापशाच्या बाजारात चहाच्या दुकानात आठ मित्र जमवले. त्यांतील सहा जणांनी त्यापूर्वी विकिपीडियावर एक अक्षरही लिहिले नव्हते. मी त्यांना खाती काढून दिली आणि चर्चा पानावर काय लिहायचे ते कागदावर लिहून दिले. त्या रात्री आमचे बहुमत झाले. समोर एकच माणूस होता, मडगावच्या बाजूचा असावा, जो प्रत्येक मुद्द्याला राजपत्राचा संदर्भ देत होता. आमच्यातील एकाने त्याच्या जातीवरून काही लिहिले. मी ते वाचले आणि गप्प राहिलो, कारण आम्ही जिंकत होतो. त्या माणसाने नंतर कधीही त्या लेखाला हात लावला नाही. त्याचे योगदान पान मी अधूनमधून उघडतो. शेवटचे संपादन त्याच आठवड्यातले आहे.

आम्हाला कोणत्याही पक्षाने पाठवले नव्हते आणि कोणी पैसे दिले नव्हते. भाषेच्या प्रेमापोटी केले, असे मी वर्षभर स्वतःला सांगत राहिलो. पण बाईंच्या लेखावर आलेल्या चार खात्यांच्या मागचा माणूसही कदाचित गावाच्या प्रेमापोटीच करत असेल. आमदारांना किंवा त्यांच्या माणसांना विकिपीडिया फोडण्यासाठी फार मोठी यंत्रणा लागते, हा आपला गैरसमज आहे. त्यांना माझ्यासारखा एक उत्साही म्हातारा आणि चहाचे आठ कप पुरतात, कारण एखाद्या गावाच्या लेखावर पहारा ठेवणारे आठ जणही आपल्याकडे नसतात.

हे टोकाला गेले की काय होते, ते क्रोएशियन विकिपीडियावर दिसले. तेथे साधारण २००९ पासून प्रचालकपदेच एका उजव्या गटाच्या हाती गेली. दुसऱ्या महायुद्धातील फॅसिस्ट राजवटीचे गुन्हे सौम्य करून लिहिले जाऊ लागले आणि हरकत घेणाऱ्यांना बंदी घातली जाऊ लागली. २०१३ मध्ये त्या देशाच्या शिक्षणमंत्र्यांनी विद्यार्थ्यांना तो ज्ञानकोश वापरू नका असे सांगितले. फाउंडेशनने नेमलेल्या तज्ज्ञाचा अहवाल यायला २०२१ उजाडले. त्या अहवालातील निष्कर्ष माझ्या कबुलीजबाबाशी जुळतात: एकाच माणसाची अनेक खाती, बाहेर ठरवून आणलेले मतदान आणि विरोधकांना कंटाळवून घालवणे. लक्षात घ्या, सर्बियन आणि बोस्नियन भाषकांचे विकिपीडिया वेगळे असल्यामुळे दुसऱ्या बाजूचे लोक तेथे फारसे नव्हतेच. आपल्याकडे कोंकणी विकिपीडिया २०१५ मध्ये स्वतंत्र झाला याचा मला आनंद आहे. पण तेव्हापासून मराठी विकिपीडियावर गोव्याचे लेख लिहिताना समोरून राजपत्र दाखवणारे आणखी कमी झाले, हेही खरे आहे.

म्हणून बाई, तुमच्या मागे उभे राहण्यासाठी कृपया मित्र जमवू नका. चावडीवर अनोळखी लोकांना बोलवा. आमच्यासारखे आठ जण तुमच्या बाजूने आले तर समोरचा माणूस जिंकेल.

म्हादयीकाठ (मूळ सत्तरी, सध्या पुणे) यांचे उत्तर

काका, तुमच्या उत्तरातील शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे, परंतु अनोळखी लोकांना बोलावण्यामागे आणखी एक व्यावहारिक कारण आहे.

२०१३ मध्ये फ्रान्सच्या गुप्तचर खात्याला एका लष्करी रेडिओ केंद्रावरील फ्रेंच लेख नको होता. फाउंडेशनने तो काढायला नकार दिल्यावर खात्याने फ्रान्समधील विकिमीडिया संस्थेच्या अध्यक्षालाच बोलावले आणि अटकेचा धाक घालून त्याच्या हातून लेख हटवून घेतला. त्या लेखाशी त्याचा काही संबंध नव्हता. तो सापडण्याजोगा होता, एवढाच त्याचा दोष. थोड्याच वेळात स्वित्झर्लंडमधील एका संपादकाने लेख परत आणला आणि नंतर तो फ्रेंच विकिपीडियावर सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या लेखांत जाऊन बसला. परत आणणारा माणूस त्या खात्याच्या आवाक्याबाहेर होता.

बेलारूसमध्ये असे झाले नाही. मार्च २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणाविषयी लिहिणाऱ्या एका ज्येष्ठ संपादकाची माहिती आधी टेलिग्रामवर उघड केली गेली आणि लगेच त्याला मिन्स्कमध्ये अटक झाली. चिनी विकिपीडियावर तर सप्टेंबर २०२१ मध्ये फाउंडेशनला सात जणांवर बंदी घालावी लागली आणि बारा जणांचे प्रचालकाधिकार काढावे लागले, कारण तेथील संपादकांच्या समाजात शिरलेल्या गटाकडून इतरांच्या जिवाला धोका निर्माण झाला होता. आपले प्रकरण यांच्या पासंगालाही पुरणारे नाही, तरी ‘आधी ओळख उघड करा, मग माणूस आपोआप गप्प होतो’ ही रीत तीच आहे.

बाई, तो लेख तुम्ही सोडावा असे मी म्हणत नाही. तो तुमच्या हातातून माझ्या हातात द्या, एवढेच म्हणतो. माझे मुख्याध्यापक नाहीत, वर्गखोल्या नाहीत, आणि पुण्यातील माझ्या कार्यालयात कोणी गोव्याहून चहाला येणार नाही. मला गावाचे नाव इथे नको आहे. चर्चा पानावर तुम्ही मुद्दा मांडलात की मला तो अलीकडील बदलांत दिसेलच. मी तो लेख निरीक्षणसूचीत टाकेन. म्हादयी नदीच्या लेखावर आम्ही तिघे जण असेच करतो. पाणीवाटपाच्या २०१८ च्या लवादाच्या निवाड्यातील कर्नाटकाचे १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) आणि गोव्याचे २४ टीएमसी हे दोन आकडे दर पावसाळ्यात कोणीतरी दोन्ही बाजूंनी फिरवून जातो. तिघांपैकी एक बेळगावचा आहे आणि पाणीवाटपावर त्याचे माझ्याशी मुळीच पटत नाही. त्यामुळेच आमच्यावर आजवर कोणी पक्षपाताचा आरोप करू शकलेले नाही.

पिंपळपार यांचे पुढील निवेदन, साडेतीन आठवड्यांनंतर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काय झाले ते क्रमाने सांगते.

अंत्रुजवासी यांचा अंदाज खरा ठरला. कॉमन्सवरील माझ्या ४१ फोटोंपैकी सहा आमच्याच आवारातून काढलेले निघाले. त्यातला एक, ज्याचा मला अभिमान होता, तो अंगणातील तुळशीवर बसलेल्या फुलपाखराचा होता, आणि त्याखाली नकाशाचा दुवा चार वर्षे निमूट उभा होता. सहाही काढून घेतले. सदस्य पान कोरे केले. ३५ हजार कोटींचा आकडा मी स्वतःच गावाच्या लेखातून काढला. मनाला लागले, पण म्हणणे रास्त होते.

तपासणीत चारपैकी तीन खाती एकाच ठिकाणाहून चालवली जात असल्याचा निर्वाळा मिळाला आणि ती बंद झाली. चौथ्याविषयी काही सिद्ध झाले नाही. लेख तीन महिन्यांसाठी अर्धसुरक्षित आहे. पोलीस ठाण्यात अदखलपात्र नोंद झाली. तेथील हवालदारांनी ‘‘ही विकिपीडिया तुमचीच वेबसाइट ना?’’ असे विचारले, आणि मी ‘‘नाही, तुमचीही आहे’’ असे म्हटल्यावर त्यांनी लिहिणे थांबवून माझ्याकडे पाहिले. प्रत मात्र मिळाली. संदेश पुन्हा आलेला नाही. स्कूटर मी आता सात वाजताच काढते आणि तळ्याकडून जात नाही, रस्ता पाच मिनिटांनी लांब पडतो.

व्यवस्थापनातून परत दूरध्वनी आला तेव्हा मी काळा डगला यांचे वाक्य उच्चारले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. वर्गखोल्यांचे काय झाले ते मला कोणी सांगितलेले नाही आणि मीही विचारलेले नाही. मुख्याध्यापकांनी पूर्वी मागितलेला शाळेच्या स्मरणिकेचा लेख आता दुसऱ्या शिक्षिकेकडे दिला आहे, असे सहज म्हणून सांगितले.

बार्देशी काका, तुमचे उत्तर मी तीनदा वाचले. त्या मडगावच्या गृहस्थांच्या सदस्य चर्चा पानावर तुम्ही काही लिहिले आहे का, हे मी विचारू इच्छिते. उत्तर दिले नाही तरी चालेल.

काल रात्री शेजारच्या गावाच्या लेखात, जो अर्धसुरक्षित नाही, एका नव्या खात्याने तेच नाव तेच बिरुद लावून घातले. मी सकाळी पाहण्यापूर्वीच म्हादयीकाठ यांनी ते उलटवले होते. या वेळी ‘विकासपुरुष’मधला ‘रु’ ऱ्हस्व आहे.